ज्या सकाळी मी भाव केला नाही

गणपतीची गडबड उरकली होती आणि फुलबाजारात थोडी उसंत होती. सायखेड्याकडचा एक शेतकरी झेंडूचे क्रेट उतरवून माझ्या ओट्यासमोर उभा राहिला. आमचं गेल्या कित्येक वर्षांचं ठरलेलं आहे. तो भाव सांगतो, मी हसते. मग मी त्याच्या फुलांना नावं ठेवते आणि तो माझ्या जिभेला. मी उठून दुसऱ्याच्या मालाकडे जाते, तो गाडीत क्रेट परत भरायला लागतो, आणि शेवटी मधल्या कुठल्यातरी आकड्यावर येऊन आम्ही चहा पितो. त्या सकाळी त्यानं भाव सांगितला आणि मी म्हटलं, "बरं. ठेव."

तो हातात क्रेट घेऊन तसाच उभा राहिला.

"मावशी, काय म्हणाल्या?"

"ठेव म्हटलं."

"तब्येत बरी हाय ना?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यानं क्रेट खाली ठेवला, डोकं खाजवलं आणि स्वतःच म्हणाला, "जाऊ द्या, थोडं कमी द्या. मी जरा जास्तीचंच सांगितलं व्हतं."

मी एक शब्द न बोलता भाव उतरला. इतका सोपा सौदा मला आयुष्यात मिळाला नव्हता. आनंद व्हायला हवा होता, पण काहीच झालं नाही. शेजारी गजरे ओवत बसणारी बाई हातातली सुई थांबवून माझ्याकडे बघत होती. माझ्याहून थोडी मोठी आहे, मी तिला आपा म्हणते.

"ताई, तू भांडली नाहीस," ती म्हणाली. "क्या हुआ?"

मलाही तेच कळेना. राग ही माझी रोजची वस्तू. सकाळी चपला पायात घालते तशी घालूनच मी बाजारात येते. लग्न होऊन पेठहून नाशकात आले तेव्हा गोदाकाठी गोणपाट टाकून हार ओवत बसायचे. तिथून उठून पक्का ओटा घेतला तो या रागाच्या आणि जिभेच्या जोरावर. नवऱ्यानं टेम्पो चालवला, मी भाव केले. आता तो राग आत शोधला तर सापडेना. पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपावी आणि अस्तरच हाताला लागावं, तसं झालं. भीती वाटण्याआधी मला नवल वाटलं. एवढी मोठी गोष्ट गेली तरी कुठे?

मग लक्षात आलं, ती त्या दिवशीच गेलेली नव्हती. वैशाखात सासूबाई गेल्या. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, पुसून काढणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. पहाटे बाजार, दुपारी त्या, संध्याकाळी पुन्हा त्या. धाकटे दीर आणि जाऊ इंदिरानगरला राहतात. जाऊ रविवारी यायची, बरोबर सफरचंदं आणायची, सासूबाईंची वेणी घालून द्यायची आणि त्यांच्याबरोबर फोटो काढायची. तेराव्याला सगळा गोतावळा जमला होता. जेवणं झाल्यावर नणंदेनं डोळे पुसत सगळ्यांसमोर सांगितलं, "धाकटीनं नोकरी सांभाळून आईचं फार केलं हो."

मी वाढपाची परात हातात घेऊन दारात उभी होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. एरवी मी ती परात तिथेच आपटली असती आणि प्रत्येक रात्रीचा हिशेब मांडला असता. त्या दिवशी मी आत गेले आणि भांडी विसळायला घेतली. नंतर लोक म्हणाले, थोरली आता समजूतदार झाली. समजूतदार कसली? बोलायला आत काही उरलंच नव्हतं. ते वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं. अजूनही आहे.

झेंडूच्या त्या सकाळनंतर आपानं मला जवळजवळ ढकलत पंचवटीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी त्यांना सांगितलं की झोप लागते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. चहा उतू जाताना दिसतो आणि मी नुसती बघत राहते. कोणती साडी नेसायची एवढं ठरवायचं म्हटलं तरी रडू येतं. फोन वाजला की तो उशीखाली सरकवते. त्यांनी रक्त तपासलं, छाती तपासली आणि रिपोर्ट पुढे सरकवले.

"सगळं बरं आहे."

"मग मला झालंय काय?"

"तुम्ही दमलाय, ताई. शरीरानं नाही, आतून. माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्याचं करत राहिलं आणि मध्ये कधी थांबलंच नाही की असं होतं. थकवा त्या वेळी कळत नाही, काम संपल्यावर अंगावर येतो. महिनाभर बाजार बंद. दुपारी झोप, रोज थोडं चालणं, आणि एका समुपदेशक बाई आहेत त्यांच्याशी बोलायचं. महिन्यानंतर बघू."

महिना म्हटल्यावर मी सावरून बसले. महिन्यात नवरात्र येत होतं, दसरा येत होता. झेंडूवाल्याचं वर्ष दसऱ्यावर उभं असतं.

"महिना फार होतो. आठ दिवस."

"ताई, हे औषध आहे."

"बरं, दहा."

त्या हसल्या. मीही थोडी रंगात आले. शेवटी म्हटलं, "पितृपंधरवडा लागतोय. त्यात फुलांना तसंही गिऱ्हाईक नसतं. तेवढा पंधरवडा घेते. रोज चालेन, तुमच्या त्या बाईंकडेही जाईन."

"म्हणजे सवलतीच्या दिवसांतला आराम," त्या म्हणाल्या. "घ्या. पण पुरणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

मी खूश होऊन बाहेर पडले. महिन्याचा निम्मा करून घेतला होता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो फार बोलत नाही. त्यानं टेम्पोची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "म्हणजे औषधाची बाटली अर्धी ओतून टाकलीस आणि भाव जमला म्हणून पेढे वाटतेस."

ओट्याची काळजी होतीच. बाजारात जागा चार दिवस रिकामी दिसली की पाचव्या दिवशी तिथे कोणाचं तरी गोणपाट पसरलेलं असतं. आपानं तो प्रश्न एका वाक्यात सोडवला. तिनं तिची ताडपत्री माझ्या ओट्यापर्यंत ओढली. "मैं हूँ ना. कोणी विचारलं तर बोलेन, चहा प्यायला गेली. येतेय."

"पंधरा दिवस चहा?"

"तुझा चहा मोठा आहे म्हणेन."

पंधरवडा सुरू झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की घरात आराम करता येत नाही. घरी सासरे आहेत. चालतात, पण काठी घेऊन. विसरतात, पण मला हाक मारायचं विसरत नाहीत. "सूनबाई, पाणी." "सूनबाई, माझा चष्मा." चष्मा डोळ्यांवर असतो. "सूनबाई, वाजले किती?" घड्याळ समोर असतं. म्हातारा वाईट नाही. घरात दुसरं बोलायला कोणी नाही म्हणून हाक मारतो. पण मी आडवी झाले की प्रत्येक हाक अंगावर दगड पडल्यासारखी लागायची. आणि हाक आली नाही तरी मी तिची वाट बघत जागी असायचे. रिकाम्या खाटेकडेही हात जायचा. सासूबाईंना कूस बदलून द्यायची वेळ झाली की मी आपोआप उठून उभी राहायचे.

तेव्हा माझ्यातली व्यापारी बाई जागी झाली. एखादा माल आपल्याला माहीत नसला की आधी बाजारात फिरून विचारायचं. मी भेटेल त्या बाईला विचारायला लागले, तू थकलीस की काय करतेस?

वणीकडून गुलाब घेऊन येणारी एक बाई म्हणाली, "मी माहेरी जाते, आईशी भांडते आन् परत येते. लय हलकं वाटतं." गल्लीतल्या एकीनं सांगितलं, ती बाथरूममध्ये नळ सोडून बसते, घरच्यांना वाटतं अंघोळ चाललीय. नेहमी शेवंती नेणाऱ्या प्राध्यापकबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी कॉलेजातून आले की पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहते. दहा मिनिटं वर जात नाही. कोणाला सांगू नका हं." समुपदेशक बाईंनाही विचारलं. त्यांनी आधी मलाच उलट प्रश्न केला, मी सोडलं नाही. मग म्हणाल्या, "शेवटचा माणूस गेला की मी टेबलाखाली चपला काढते आणि दिवा बंद करून बसते."

मला मोठी गंमत वाटली. एवढ्या बायका, शिकलेल्या, न शिकलेल्या, आणि सगळ्या आपला आराम चोरून घेत होत्या. उघड्यावर कोणीच घेत नव्हती. नळ, पार्किंग, माहेर, काहीतरी आडोसा प्रत्येकीला लागत होता.

आपाचं उत्तर वेगळं होतं. ती गजऱ्याचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "मी नमाज पढते. त्या वेळी मला कोणी हाक मारत नाही. नवरापण नाही. पोरं असतील तर एकमेकांना गप्प करतात. अल्लाहचं ते अल्लाह बघेल, पण तेवढा वेळ मी कोणाची कोणी नसते."

मला तिचा हेवा वाटला. त्या दिवशी दुपारी मी देवघरासमोर पाट मांडून बसले आणि डोळे मिटले. जपाचा दुसरा मणी सरकतो न सरकतो तोच सासऱ्यांचा आवाज, "सूनबाई, देवाला बसलीस का?" मग नवरा दारातून डोकावला. "अगं, कुकर बंद करू का? उठू नकोस, नुसती मान हलव." आमच्या घरात देवाजवळ बसलेल्या बाईला निदान मान तरी हलवावी लागते.

शेवटी समुपदेशक बाईंनीच सुचवलं की घरात जमत नसेल तर बाहेर जा, आणि फोन घरी ठेवून जा. फोन घरी ठेवायचा म्हणजे कपडे न घालता जायचं, तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याला म्हटलं, "बाबांकडे बघ. मी येते." त्यानं कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. निमाणीच्या स्टँडवर जाऊन समोर लागलेल्या बसमध्ये बसले. ती सायखेड्याची निघाली.

खिडकीशी बसून मी दुकानांच्या पाट्या वाचत होते, म्हणजे नुसत्या बघत होते. मला कोणी ओळखत नव्हतं. माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. सायखेड्याला उतरले तेव्हा मनात आलं, इथूनच तर माझा झेंडू येतो. विचारत विचारत त्या शेतकऱ्याच्या मळ्यात पोचले आणि बांधावर थांबले.

इतकी वर्षं झेंडू विकतेय. बोटांनी चाचपून सांगते, फूल पहाटे तोडलंय की आदल्या संध्याकाळी, ओलं भरलंय की सुकवून. पण झाडावर उभा असलेला एवढा झेंडू मी कधी निवांत पाहिलाच नव्हता. कंबरेएवढी झाडं. पाना-पानाला उग्र वास, फुलापेक्षा जास्त. फुलं वर तोंड करून बसलेली, आणि त्यांच्यावर मधमाश्यांचा असा काही धंदा चालला होता की आमचा बाजार त्यापुढे झोपलेला म्हणावा. मी एकेक फूल उलटं करून बघत सुटले.

तो शेतकरी धावत आला. चेहरा पडलेला. "मावशी, तुम्ही? दसऱ्याचा माल हेरायला आल्या का?"

"नाही रे. फुलं बघायला."

"कोनाची?"

"झाडाची."

त्याचा अजिबात विश्वास बसला नाही. तो माझ्या मागे मागे चालत राहिला, मी कुठल्या ओळीकडे जास्त बघते त्यावर डोळा ठेवून. आंब्याखाली त्याची आई फुलं निवडत बसली होती. तिनं हाक दिली, "कोन हाय रं?"

"मार्केटच्या मावशी."

"ती लय भांडते म्हन्तो तीच व्हय?" म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भांडायला हितवर आली?"

"नाही आई. बसायला आले."

"मंग बस की. उभी कशाला?"

तिनं एक गोणपाट झटकून टाकलं. मी बसले, मग कलंडले. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन आंब्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं, माझ्या तोंडावर कोणीतरी पदराचं जुनं फडकं टाकलं होतं, आणि मी रडत होते. कशासाठी, ते मलाच कळेना. म्हातारी फुलं निवडत होती. तिनं काही विचारलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं फक्त म्हणाली, "घोरत व्हतीस," आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पंधरवडा संपत आला. बरं वाटत होतं, पण केवढं? आजारी माणूस उठून खिडकीपर्यंत जातो, तेवढं. एक दिवस अंदाज घ्यायला बाजारात गेले. एका गिऱ्हाइकानं हाराला नावं ठेवली आणि मी तिथेच रडायला लागले. गिऱ्हाईक घाबरून पूर्ण पैसे ठेवून गेलं. डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. त्यांनी मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, "उरलेले पंधरा दिवस. या वेळी कमी होणार नाही."

म्हणजे दसरा गेला. घरी येऊन मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. दसरा सोडायचा, नाहीतर स्वतःला असंच फरफटत न्यायचं.

ही बातमी दिरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं आणि घरी करमत नव्हतं. रविवारी दोघं पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले.

"वहिनी, तुम्ही खूप केलंत. आता आराम करा," दीर म्हणाले. "ओट्याची काळजी नको. दसऱ्यापर्यंत मी बसतो. पुढचं पुढे बघू."

हे 'पुढचं पुढे' मला बाजारात रोज ऐकू येतं. त्याचा अर्थ मला नीट कळतो.

"ओट्यावर आपा बसणार आहे. माल हे आणून देतील."

"परक्या बाईला द्यायचं आणि घरच्यांना नाही?"

आणि तेव्हा तो हरवलेला राग पायाच्या तळव्यातून वर यायला लागला. गुडघे, पोट, छाती. मी अक्षरशः त्याच्याकडे बघत होते, बऱ्याच दिवसांनी घरी येणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"परकी? तुमची आई शेवटच्या वेळी तीन दिवस पाणी गिळत नव्हती, तेव्हा मी तिच्या उशाशी होते, कारण माझा ओटा ती परकी सांभाळत होती. तुम्ही कुठे होतात, भावजी? आईची एक रात्र घेतली नाहीत. आणि माझी जागा घ्यायला रविवारी सकाळी अंघोळ करून आलात?"

नवरा उठून चहा टाकायला गेला. तो चहा कधीच टाकत नाही.

जाऊ म्हणाली, "ताई, मी तर येत होते ना."

"येत होतीस. वेणी घालायला. तेराव्याला तुझं कौतुक झालं तेव्हा एकदा तरी म्हणायचंस, माझं नाही, ताईंचं."

ती खाली बघायला लागली. मग मी आवाज खाली आणला. खरा सौदा मी नेहमी हळू आवाजातच करते.

"मला आराम द्यायचाय ना? मग ओटा नको. बाबांना घेऊन जा. महिनाभर."

दीर चमकले. "महिना म्हणजे... आठ दिवस नेतो."

"महिना."

"आमच्या हिची शाळेतली नोकरी आहे, वहिनी. पंधरा दिवस करू."

पंधरा हा आकडा मी एकदा घेऊन बसले होते आणि त्याची किंमत मला ठाऊक होती. मी महिन्यावरच अडून बसले. सासरे आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. त्यांची हाक आली, "सूनबाई, मला कोणी विचारणार आहे का?"

"विचारते, बाबा. जाल का इंदिरानगरला?"

"तिथे लिफ्ट आहे ना?" ते म्हणाले. "जातो. माझी काठी तेवढी दे."

इतक्या सहज गेले, की ते थोडं लागलंच. पिशवी भरताना मी त्यांची औषधं, त्यांची वाटी, त्यांचा चष्मा ठेवला आणि जावेला प्रत्येक गोष्टीची वेळ सांगितली. ती मान डोलवत होती, पण ऐकत नव्हती. माझंही सुरुवातीला तसंच झालं होतं.

दसऱ्याला पहाटे डोळे उघडले, इतक्या वर्षांची सवय. नवरा टेम्पो घेऊन गेला होता. मी कुशीवर वळून परत झोपले. धंदा बेताचा झाला. मी असते त्याच्या निम्माही नाही. नवऱ्याला भाव करता येत नाही, आपाला झेंडू कळत नाही. हे ऐकून मला दुखलं, आणि दुखलं याचं बरं वाटलं.

दुपारी जावेचा फोन आला. सणाच्या शुभेच्छा वगैरे झाल्या. मग ती जरा थांबली.

"ताई, बाबा रात्री सारखे उठतात का हो?"

"उठतात."

"आणि हाक मारतात."

"मारतात."

"आज मी पुरणपोळी करायला घेतली आणि पुरण हलवायचं सोडून नुसती बघत उभी राहिले. खाली लागलं."

तिचा आवाज सपाट होता. वर जात नव्हता, खाली येत नव्हता. तो आवाज मी ओळखला. सहा महिने तो माझ्या तोंडात होता. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की मला गोड लागेल. आता कळलं ना, असं म्हणायची वाक्यं वैशाखापासून तयार होती. मी ती जिभेवर आणून पाहिली. बेचव लागली.

"बाबांना परत आणू का, ताई?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "महिना म्हणजे महिना."

तिकडे पातेलं खरवडल्याचा आवाज आला.

"ऐक. तुझा नवरा घरी आहे ना?"

"आहेत. टीव्ही बघतायत."

"त्याला बाबांजवळ बसव. फोन टेबलावर ठेव आणि बाहेर पड. बसमध्ये बस, बागेत जा, कुठेही. दोन तास घरी येऊ नकोस."

"आणि बाबांचं औषध?"

"तुझ्या नवऱ्याला हात आहेत."

ती किंचित हसली, किंवा नाकानं श्वास घेतला असेल. "ताई, ते तेराव्याचं..."

"ते राहू दे. ते मी इतक्यात सोडणार नाही," मी म्हटलं. "तू आधी चप्पल घाल."

मी फोन ठेवला नाही. कानाला तसाच धरून ऐकत राहिले. तिनं नवऱ्याला काहीतरी सांगितलं, तो काहीतरी म्हणाला, तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. मग दार उघडल्याचा आवाज आला, आणि टेबलावर राहिलेल्या त्या फोनमधून सासऱ्यांची हाक ऐकू आली. "सूनबाई!"

कोणीच ओ दिली नाही. थोड्या वेळानं दिराचा आवाज आला, "आलो, बाबा."